फेअरवेलनंतरचं कुळागर: हुर्राक येणारच असेल तर जबाबदारी कोणाची?

अंत्रुजी_जीएस
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात तृतीय वर्षाला आहे आणि यंदा स्टुडंट्स कौन्सिलचा जीएस (जनरल सेक्रेटरी) आहे. एप्रिलच्या सुरुवातीला आमचं फेअरवेल. हॉलमधला कार्यक्रम सरांसमोर होतो, त्याची काळजी नाही. काळजी त्यानंतरची. दर वर्षी संध्याकाळी सगळे कोणाच्या तरी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जमतात. यंदा खांडेपारच्या बाजूला एका मित्राच्या घरचं कुळागर ठरलंय. काजूचा हंगाम, त्यामुळे हुर्राक (काजूच्या रसाची दारू) येणार म्हणजे येणार. वर्गणी माझ्याच जीपेवर जमते आणि व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच.

गेल्या वर्षी परतताना एका सीनियरची स्कूटर वळणावर घसरली. मागे बसलेल्या मुलीचा पाय मोडला, परीक्षा बुडाली. त्या रात्री कोणीही १०८ ला फोन केला नाही. "घरी कळेल, कॉलेजला कळेल" यातच वेळ गेला आणि शेवटी तिला कोणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून नेलं. मोडलेला पाय तसाच लोंबत होता.

मला पोरांवर पहारा ठेवायचा नाही आणि डोळे मिटूनही बसायचं नाही. कायद्याने माझ्यावर काय येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी काय करायला हवं? ज्यांनी असं काही सांभाळलंय त्यांनी लिहा.

मांडवीकाठ
वाचतेय. चांगला धागा.

माशेलचे_मास्तर
जीएस, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, सहली नेल्या, गॅदरिंगं केली. दारू येणार हे आधीच ठाऊक असलेल्या ठिकाणी कौन्सिलच्या पदाधिकाऱ्याने जाऊ नये. कौन्सिलचा पैसा, बॅनर, ग्रुप, काहीच तिथे दिसता कामा नये. फेअरवेल हॉलमध्ये संपलं की जीएस म्हणून तुझं काम संपलं, असं सगळ्यांना लिहून कळव आणि मोकळा हो.

सत्तरीकार
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण जीएस मोकळा होईल आणि पोरं? ती जाणारच. फरक इतकाच की तिथे जबाबदार असा कोणी उरणार नाही. गेल्या वर्षी त्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालं ना? सगळेच मोकळे होते.

पर्वरीचा_वकील
जीएसने विचारलेल्या पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देतो.

गोव्यात २१ वर्षांखालच्या कोणालाही दारू विकता येत नाही, १९६४ च्या एक्साईज कायद्यापासून. दारू स्वस्त आणि कोपऱ्याकोपऱ्यावर तावेर्न (दारूचे छोटे गुत्ते), त्यामुळे वयाची अट फक्त महाराष्ट्रात आहे असा अनेकांचा समज असतो. तृतीय वर्षाची बरीच मुलं २० चीच असतात. म्हणजे त्या कुळागरातल्या निम्म्याअधिक मुलांना कोणी कायद्याने बाटली विकूच शकत नाही. वर्गणीत दारूचे पैसे धरलेस तर तो व्यवहार विक्रीच्या फार जवळ जातो, आणि विक्रीला परवाना लागतो. "आम्ही मित्र मित्र" हे तुझ्या जीपेच्या नोंदी वाचणाऱ्याला पटेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणाच्या डोक्यातच नसतं. प्रथम वर्षाला १७ वर्षांची मुलं असतात. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: १८ वर्षांखालच्या मुलाला दारू दिली किंवा द्यायला लावली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पैसे घेतले की नाही हा प्रश्नच येत नाही. "अरे ज्युनियर, एक घोट घे" म्हणून ग्लास पुढे करणारा तुमचा लाडका सीनियर या कलमात बसतो. त्या रात्री एकही ज्युनियर तिथे नको. एकही नको.

गाडीचं: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. आणि अपघातात कोणी दगावलं तर प्रकरण या कलमापुरतं राहत नाही. बाणस्तारीच्या पुलावर ऑगस्ट २०२३ मध्ये तीन माणसं गेली, ती गोव्यात कोणी विसरलेलं नाही.

मास्तरांना एवढंच म्हणेन की कौन्सिलचं नाव काढा हे बरोबर. पण नाव काढल्याने पैसे गोळा करणाऱ्या आणि जागा ठरवणाऱ्या मुलाचं नाव निघत नाही.

अंत्रुजी_जीएस
वकीलसाहेब, कलम ७७ चं खरंच माहीत नव्हतं. ज्युनियर दर वर्षी वाढायला आणि गाणी लावायला म्हणून येतात. आत्ताच ग्रुपवर कळवतो की यंदा नाही.

सत्तरीकार
हुर्राकाबद्दल थोडं लिहितो, कारण आमच्या घरची भट्टी आहे. बोंडू (काजूचं फळ) तुडवून निघालेला रस आंबवतात, तो भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात उकळतात, वाफ थंड होऊन लवणीत, म्हणजे मडक्यात उतरते. पहिल्या धारेचा हुर्राक, तो परत गाळला की फेणी. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास, हुर्राक साधारण १५. पण हे "साधारण" लक्षात घ्या. बाटलीवर लेबल नसतं. आज उतरलेला आणि परवा उतरलेला सारखा नसतो. वर लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की कडवटपणा लागतच नाही. मोठी माणसं हळू पितात, सोबत काहीतरी खातात. पोरं सरबतासारखा ढोसतात, कारण त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की हुर्राक म्हणजे काहीच नव्हे.

भट्टीवरून पाच लिटरचा कॅन नेणारी पोरं आम्ही ओळखतो. वडील देत नाहीत. पुढच्या भट्टीवर मिळतो, तेही खरं.

कॅज्युअल्टी_नाईट
सत्तरीकारांनी टक्के दिलेत, ग्रॅम मी देते. सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत काम करते, एप्रिल-मे आणि डिसेंबर मला पाठ आहेत.

३० मिली फेणीत जवळपास १० ग्रॅम अल्कोहोल. अर्धा ग्लास, म्हणजे १०० मिली हुर्राक आणि वरून लिमका: सुमारे १२ ग्रॅम. म्हणजे ज्याला सरबत म्हणतात तो फेणीच्या पेगापेक्षा जड आहे. ६५० मिली स्ट्राँग बिअर, ८ टक्के: ४० ग्रॅमच्या वर. आणि यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, नदीत डुबकी, कशानेही हा वेग वाढत नाही. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये असे सहा ग्लास घेतलेल्या मुलाच्या अंगात पहाटेपर्यंत अल्कोहोल असतं. "झोपलो, आता बरा आहे" म्हणून तो सकाळी सहाला स्कूटर काढतो आणि सात वाजता आमच्याकडे येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पोरं बेशुद्ध मित्राला "झोपू दे, उतरेल" म्हणून खोलीत आडवं करतात. शेवटचा ग्लास पोटात असतो तोवर रक्तातलं प्रमाण चढतंच राहतं. उताणा झोपलेला मुलगा ओकला की ते श्वासनलिकेत जातं. काय बघायचं ते लक्षात ठेवा. हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढून जागा होत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर. ओठ-नखं निळसर, अंग गार. झोपेत ओकतोय. यातलं एक जरी दिसलं तरी १०८. आणि डोकं आपटलेलं असेल तर काही दिसायची वाट बघू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, तोंड थोडं जमिनीकडे. एकाने शेजारून उठायचं नाही. घशात बोटं घालून ओकायला लावू नका. पाणी, ताक, काहीही पाजू नका.

आणि जीएस, त्या मुलीला गाडीत घालून नेलंत ना, मोडलेला पाय लाकडाला किंवा घट्ट गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला न बांधता हलवला की आतली रक्तवाहिनी कापली जाऊ शकते. १०८ वाल्यांना ते येतं. फोन करायचा.

म्हापसेकर_न्यूजर्सी
माझा मुलगा इथे युनिव्हर्सिटीत आहे म्हणून या विषयाकडे लक्ष असतं. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यापासून पिण्याचं वय २१, आपल्या गोव्यासारखंच. आणि इथलीही मुलं १८ पासून पितात, फ्रॅटर्निटीच्या (विद्यार्थ्यांच्या मंडळांच्या) घरांत.

२०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटच्या एका फ्रॅटर्निटीत १९ वर्षांच्या मुलाला प्रवेशाचा विधी म्हणून भरमसाट पाजलं. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. घरभर मुलं होती, तरी मदतीचा फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळपास बारा तासांनी. मुलगा गेला. फोन का केला नाही? आपण अडकू म्हणून. जीएसने गेल्या वर्षीचं लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं.

त्यानंतर पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदा कडक केला आणि त्यात हेही घातलं की मदतीसाठी फोन करून थांबणाऱ्याला संरक्षण. फ्रॅटर्निटींच्या मोठ्या संघटनेने सप्टेंबर २०१९ पासून १५ टक्क्यांवरची दारू घरांत आणि कार्यक्रमांत बंद केली, बाहेरचा परवानाधारक विक्रेता देत असेल तर वेगळं. शिवाय पाहुण्यांची यादी, २१ वरच्यांना मनगटावर पट्टी आणि त्या रात्री अजिबात न पिणारे ठरावीक सदस्य. या शेवटच्याचा उपयोग होतो असं मुलगा सांगतो, अट एकच: ते सदस्य सीनियर हवेत. ज्युनियरला ठेवलं तर त्याचं कोणी ऐकत नाही.

कणकवलीकर
१५ टक्के म्हणजे नेमका हुर्राक बसतो की त्यात :) आमच्याकडे महाराष्ट्रात कडक दारूला २५ आणि बिअर-वाईनला २१. म्हणून कणकवलीची पोरं बांद्यापलीकडे "अभ्यासाला" येतात.

मांडवीकाठ
कणकवलीकर, ती पोरं परत जाताना पत्रादेवीपर्यंत कशी चालवतात तेही लिहा. हसू येत नाही मग.

कणकवलीकर
ताई, मान्य. आमच्या गावातला एक मुलगा त्याच रस्त्यावर गेला. मी हे हलकं घ्यायला नको होतं.

शेवंती_०४
मी प्यायलेलीच नाही कधी, आणि अशा तीन-चार "आफ्टर"ना गेलेय. न पिणाऱ्यांबद्दल इथे अजून कोणी काही लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वर्गणी सगळ्यांची सारखी असते. पाचशे दिले की त्यातले तीनशे हुर्राक आणि बिअरमध्ये, आमच्या वाट्याला चिप्स आणि गरम झालेलं कोकम. आणि वरून "गोंयकार असून पीत नाहीस?" हे रात्रभर. एकदा माझ्या स्प्राईटमध्ये कोणीतरी गंमत म्हणून ओतलं. मला वासावरून कळलं, मी ग्लास ठेवला आणि घरी बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी मीच "सीन केला" असं ठरलं.

जीएस, तू काहीही कर, पण वर्गणी जेवणाची आणि गाडीची वेगळी घे. दारूचा एक रुपया तुझ्याकडून जाऊ देऊ नकोस. ज्यांना प्यायचंय ते त्यांचं बघतील. आणि पेयांच्या टेबलावर एक मुलगी बसव, बाटल्या उघडताना समोर दिसतील अशा. मुली किती वाजता निघतात, कोणाबरोबर निघतात, हे एका मुलीला माहीत असू दे.

फातोर्ड्याची_माई
शेवंती, शाब्बास बाय. बाबांना फोन केलास ते अगदी बरोबर केलंस. माझी लेक दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला सांगून ठेवलंय की रात्री कितीही वाजता फोन कर, मी येईन, गाडीत एक शब्द विचारणार नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी जेवल्यावर.

माशेलचे_मास्तर
शेवंतीच्या ग्लासात ओतलं त्याला गंमत म्हणू नका कोणी. आणि सीनियरांनी ज्युनियरला जबरदस्तीने पाजणं हे रॅगिंग आहे, युजीसीचे २००९ चे नियम आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलच्या एका मेडिकल कॉलेजात दारू प्यायलेल्या सीनियरांच्या मारहाणीत प्रथम वर्षाचा मुलगा गेला. आज जी हेल्पलाईन आहे, १८००-१८०-५५२२, ती त्याच्या वडिलांच्या लढ्यानंतरची. हा नंबर कॉलेजच्या फलकावर असतो, पण फोनमध्ये कोणाच्या नसतो.

माझं मत तेच आहे, की हे व्हायलाच नको. पण डॉक्टरांचं वाचल्यावर एक जोडतो. मी प्राचार्य असतो तर लेखी कळवलं असतं की जो विद्यार्थी १०८ बोलावेल, त्याच्यावर त्या रात्रीच्या पिण्याबद्दल कॉलेज कारवाई करणार नाही. पाजणाऱ्याला आणि मारामारी करणाऱ्याला सूट नाही. फोन करणाऱ्याला मात्र नक्की. जीएस, हे तुझ्या प्राचार्यांकडे माग. हॉलचा कार्यक्रम त्यांचाच आहे, त्या निमित्ताने बोलता येईल.

पर्वरीचा_वकील
मास्तर, हे उत्तम. त्यात एक भर: रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोरांना हे ठाऊक नसतं म्हणून ती फोन हातात धरून उभी राहतात.

बार्देसचो_पाव
सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) आमच्या वाड्यावर काय करतात ते सांगतो. २४ जूनला विहिरीत उड्या, त्या आधी फेणी, सगळ्यांना ठाऊक. पण ज्या विहिरीत उडी मारायची तिच्या कठड्यावर वाड्यातली दोन पोहणारी माणसं सकाळपासून थेंब न घेता बसतात. कोणाला उडी मारू द्यायची आणि कोणाला नाही, हे तेच ठरवतात. कितीही मोठा माणूस असला तरी त्यांनी "ना" म्हटलं की विषय संपला. दर वर्षी माणसं बदलतात. गेल्या वर्षी माझी पाळी होती आणि माझ्या काकाला मी परत पाठवला.

आणि जीएस, खांडेपारला कुळागर म्हणजे नदी लागून असणार. अंधार पडल्यावर नदीकडची वाट बंद करा. दारू आणि पाणी एकत्र नको, पोहता येणारेच आधी बुडतात.

सत्तरीकार
+१. आमच्याकडे धबधब्यांवर हेच. पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो तो उगाच नाही.

वास्कोकार
सगळं ठीक, पण रात्री अकराला खांडेपारहून पोरं जाणार कशी? कदंबा (सरकारी बस) मिळणार नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) नाही, गोवामाइल्सच्या टॅक्सी ॲपवर त्या बाजूला गाडी लागली तर नशीब. "पिऊन चालवू नका" हे बोलायला काय जातं, गोव्यात स्कूटरशिवाय घर गाठता येत नाही हे मूळ दुखणं आहे. आधी गाडी ठरवा, मग बाकीचं.

फातोर्ड्याची_माई
अगदी. आणि गाडी ठरवल्यावर स्कूटर तिथे नेऊच नका. तिथे स्कूटर उभी असली की कोणीतरी बसणारच.

अंत्रुजी_जीएस
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. मित्राच्या आईवडिलांशी बोललो, कारण कुळागर त्यांचं. ते म्हणाले की त्या रात्री आम्ही घरातच असू, आणि हुर्राक आमच्याकडून मिळणार नाही. काल कौन्सिलच्या मुलांबरोबर बसलो. ठरलंय ते असं.

संध्याकाळ कौन्सिलची नाही, कौन्सिलच्या ग्रुपवर तिच्याबद्दल काही जाणार नाही. ज्युनियर नाहीत. वर्गणी जेवणाची आणि गाडीची, माझ्याकडे दारूचा पैसा येणार नाही आणि मी आणणार नाही. कोणी आणलीच तर मी ती लपवणारही नाही आणि वाटणारही नाही. जेवण सातला, उशिरा नाही, कारण रिकाम्या पोटीच सगळं बिघडतं. दोन टेम्पो ट्रॅव्हलर, एक फोंडा-बाणस्तारी-पणजी आणि एक फोंडा-बोरी-मडगाव, साडेदहाला सुटणार. जायचंही त्याच गाड्यांनी, कॉलेजच्या गेटवरून, त्यामुळे स्कूटरचा प्रश्न नाही. न पिणारे चौघे, चौघेही तृतीय वर्षाचे, त्यात दोन मुली. त्यांतला एक मी. नदीकडच्या वाटेवर बांबू आडवा आणि तिथे दिवा.

मास्तर, प्राचार्यांना भेटलो. लेखी द्यायला त्यांनी वेळ मागितलाय. तोंडी म्हणाले, फोन करणाऱ्या मुलाला मी वाऱ्यावर सोडणार नाही. लेखी मिळालं तर इथे सांगतो.

दोन मुलं आत्ताच नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, मग आम्ही बागा बीचवर जातो. त्यांना कसं थांबवू?

पर्वरीचा_वकील
बीचवर उघड्यावर पिणं २०१९ पासून दंडाचं आहे, हे त्यांना सांग. पण त्याने थांबतील असं वाटत नाही.

शेवंती_०४
थांबवू नकोस. ट्रॅव्हलरमधल्या त्यांच्या दोन जागा मोकळ्या ठेव आणि त्यांना तसं सांग. माझ्या अनुभवात अर्धे शेवटच्या दिवशी येतात.

कॅज्युअल्टी_नाईट
शेवंतीशी सहमत. आणि जीएस, एक गोष्ट राहिलीय. चौघांपैकी एकाकडे त्या कुळागराचा नेमका पत्ता लिहून ठेव: वाडा, जवळचं देऊळ किंवा शाळा, मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं, गाडी कुठपर्यंत येते. रात्री १०८ वर फोन येतो आणि मुलं सांगतात "मित्राच्या कुळागरात", त्यापुढे कोणालाच काही सांगता येत नाही. आणि कोणीतरी मोबाईल घेऊन रस्त्यावर उभं राहायला हवं, नाहीतर गाडी दोनदा पुढे निघून जाते.

अंत्रुजी_जीएस
डॉक्टर, उद्याच जाऊन बघतो. तिथे रेंज येते का, तेही तपासायला हवं.

सत्तरीकार
खांडेपारला आतल्या बाजूला रेंज जाते. घरात लँडलाईन आहे का विचार.